संत्र्यांतील अळीचें नामकरण : एका लहान आफ्रिकी पतंगाच्या मूळ नमुन्याची हकीकत

(१)

इ. स. १९१३ सालीं प्रिटोरिया येथील ट्रान्सवाल म्युझियमच्या 'अ‍ॅनल्स' नांवाच्या पत्रिकेंत दक्षिण आफ्रिकेंतील सूक्ष्म पतंगांच्या वर्णनांचा एक लेख प्रसिद्ध झाला. (कांहीं ग्रंथकार हें वर्ष १९१२ असें देतात, परंतु अलीकडील याद्यांत १९१३ हेंच धरण्याची रीत आहे.) लेखकाचें नांव एडवर्ड मेरिक. हा गृहस्थ आफ्रिकेंत राहणारा नव्हे. इंग्लंडांतील मार्लबरो येथील शाळेंत तो ग्रीक व लॅटिन भाषा शिकवीत असे. त्या लेखांतील अनेक नव्या जातींपैकीं एकीस त्यानें 'आर्गिरोप्लोसी ल्यूकोट्रीटा' असें नांव दिलें. मूळ ग्रीक शब्द पाहतां 'पांढरें छिद्र असलेली' असा कांहींसा अर्थ निघतो. या पतंगाच्या पुढच्या पंखावर एक बारीक पांढरा ठिपका असतो, त्यावरून हें नांव सुचलें असावें. पंख पसरले असतां या प्राण्याची रुंदी पंधरा ते वीस मिलिमीटर, म्हणजे आपल्या अंगठ्याच्या नखाहून फारशी अधिक नाहीं. रंग करडा-तपकिरी. झाडाच्या सालीवर बसला असतां शोधूनही सांपडूं नये असा.

यानंतर १०९ वर्षांनीं, म्हणजे जुलै २०२२ मध्यें, याच पतंगाच्या नांवावरून दक्षिण आफ्रिकेनें युरोपीय संघाविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार गुदरली. संत्र्यांच्या पेट्यांत या जातीची अळी येते म्हणून युरोपनें जे नवे निर्बंध घातले, त्यांवर हा वाद होता. शाळामास्तरानें भिंग घेऊन लिहिलेल्या थोड्या ओळी शंभर वर्षांनंतर दोन सत्तांच्या व्यवहारांत पुराव्याच्या जागीं येऊन बसल्या.

इतिहाससाधनांच्या पत्रिकेंत किड्याची हकीकत कशास, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येणें साहजिक आहे. त्यास उत्तर असें कीं, नव्या जातीचें वर्णन करणें हें काम वरवर पाहतां सृष्टिनिरीक्षणाचें दिसलें, तरी त्याचा निम्मा भाग कागदपत्रांच्या शोधाचा आहे. अस्सल कोणतें व नक्कल कोणती, एकाच व्यक्तीचीं दोन नांवें आहेत कीं दोन व्यक्तींस एकच नांव पडलें आहे, अगोदरची मिति कोणाची, हस्ताक्षर कोणाचें, कागद कोणत्या दफ्तरांतून आला, हे आपल्या नित्याच्या परिचयाचे प्रश्न तेथेंही जसेच्या तसे उभे राहतात. त्यांचा निकाल कोणत्या पुराव्यानें लागतो तें या एका उदाहरणावरून दाखविण्याचा हेतु आहे.

(२)

आफ्रिकेच्या दक्षिण भागांतील सूक्ष्म पतंगांचें पहिलें मोठें व्यवस्थित वर्णन इ. स. १८५२ चें आहे. योहान ऑगस्ट वाल्बर्ग हा स्वीडिश प्रवासी १८३८ ते १८४५ पर्यंत त्या मुलुखांत हिंडला व त्यानें जमविलेले प्राणी स्टॉकहोमास पाठविले. त्यांतील लहान पतंग फिलिप क्रिस्टोफ झेलर या प्रशियन शिक्षकानें तपासून त्यांवर लॅटिन भाषेंत ग्रंथ लिहिला. वाल्बर्ग पुन्हां आफ्रिकेस गेला आणि १८५६ मध्यें एका जखमी हत्तीनें त्यास ठार केलें. संग्राहक एका खंडांत मेला, वर्णनकार दुसऱ्या खंडांत बसून लिहीत होता, व दोघांमधील दुवा म्हणजे टांचणीवरचा किडा व त्याखालची चिठ्ठी एवढाच. पुढील शंभर वर्षें या शास्त्राची रचना बहुतेक अशीच राहिली.

झेलरनंतर लॉर्ड वॉल्सिंगहॅम याचें नांव घेतलें पाहिजे. त्यानें १८८१ मध्यें दक्षिण आफ्रिकेंतील व १८९७ मध्यें पश्चिम आफ्रिकेच्या विषुववृत्तीय भागांतील सूक्ष्म पतंगांवर लेख लिहिले. त्याचा प्रचंड संग्रह १९१० मध्यें लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे गेला. तथापि संख्येच्या दृष्टीनें मेरिकची बरोबरी कोणासच करतां आलेली नाहीं. १८५४ मध्यें जन्मलेला व १९३८ मध्यें वारलेला हा मनुष्य शाळेचें काम संभाळून चौदा हजारांहून अधिक जातींस नांवें देऊन गेला. त्याच्या संग्रहांत लाखावर नमुने होते. १९१२ पासून १९३७ पर्यंत 'एक्झॉटिक मायक्रोलेपिडोप्टेरा' ही पत्रिका तो स्वखर्चानें काढीत असे व तींत जगाच्या सर्व भागांतील पतंगांचीं वर्णनें छापी.

या मनुष्याचा आपल्या प्रांताशींही प्रत्यक्ष संबंध होता. मुंबईस १८८३ सालीं स्थापन झालेल्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलांत १९०५ पासून त्यानें हिंदुस्थानांतील सूक्ष्म पतंगांच्या वर्णनांची मोठी लेखमाला लिहिली. कानडा जिल्हा, कूर्ग, खासी टेकड्या इत्यादि ठिकाणांहून पाठविलेले नमुने मार्लबरोस जात, आणि त्यांचीं नांवें मुंबईस छापलीं जात. आफ्रिकेसंबंधानेंही हाच क्रम होता. जुन्या काळीं पुण्यासाताऱ्याचे कागद लंडनच्या दफ्तरखान्यांत गेले व त्यांचे सारांश तिकडून छापून आले, त्यासारखाच हा प्रकार समजावा.

(३)

आतां प्रस्तुत पतंगाकडे वळूं. मेरिकनें नांव देण्यापूर्वीं हा प्राणी अज्ञात होता असें नाहीं. बागाइतदारांस तो चांगला ठाऊक होता, मात्र तो कोण हें कोणासच ठाऊक नव्हतें.

मादी फळाच्या सालीवर एकेक सुटें अंडें घालते. त्यांतून निघालेली अळी साल पोखरून गरांत शिरते, पूर्ण वाढल्यावर गुलाबी रंगाची होते, व फळाबाहेर पडून जमिनींत कोश करते. पोखरलेलें फळ अकालीं पिवळें होऊन गळतें. संत्र्याखेरीज पेरू, डाळिंब, एरंड, मका व कापसाचीं बोंडें यांवरही ही अळी जगते. सफरचंदास लागणारी, युरोपांत प्रसिद्ध असलेली 'कॉडलिंग' पतंगाची अळी अशीच फळांत शिरते. त्यामुळें नवी अळी पाहणाऱ्याच्या मनांत प्रथम तेंच नांव आलें.

इ. स. १९०१ मध्यें नाताळ प्रांतांतील फुलर या कीटकतज्ज्ञानें हिचा उल्लेख 'नाताळचा कॉडलिंग पतंग' असा केला व ती 'कार्पोकॅप्सा' प्रजातींतील कांहीं एक जाति आहे एवढेंच लिहिलें. १९०९ मध्यें हॉवर्ड यानें ट्रान्सवालांतील संत्र्यांत हीच अळी पाहिली व तिला 'संत्र्याचा कॉडलिंग पतंग' म्हणून तिचें शास्त्रीय नांव 'एनार्मोनिया बॅट्राकोपा' असें दिलें. बॅट्राकोपा ही जाति मेरिकनेंच आदल्या वर्षीं, म्हणजे १९०८ मध्यें, वर्णिली होती. हॉवर्डनें जुळतें वर्णन शोधलें, तें मिळालें, व प्रकरण मिटलें असें त्यास वाटलें.

परंतु तें मिटलें नव्हतें. १९१३ च्या लेखानें ठरलें कीं ल्यूकोट्रीटा ही बॅट्राकोपाहून निराळी जाति आहे, व संत्र्यांत सांपडणारी ती हीच. १९२१ मध्यें गन यानें दक्षिण आफ्रिकेच्या शेतकी खात्याच्या पत्रकांत तिचें सविस्तर चरित्र दिलें, तेव्हां 'फॉल्स कॉडलिंग मॉथ', म्हणजे 'खोटा कॉडलिंग पतंग', हें नांव शीर्षकांत आलें व व्यवहारांत तेंच रूढ झालें. एका चुकीच्या ओळखीचें स्मारक त्या प्राण्याच्या लौकिक नांवांत कायमचें राहिलें आहे.

हॉवर्डची चूक उपहासास पात्र नाहीं. आज बॅट्राकोपा व ल्यूकोट्रीटा या दोन्ही जाति एकाच प्रजातींत मोडतात; म्हणजे भावाच्या जागीं भाऊ धरला गेला, एवढाच तो प्रमाद. पण त्याचा परिणाम लक्षांत ठेवण्याजोगा आहे. १९०९ चा लेख आज वाचणाऱ्यानें छापलेलें नांव पुसून त्या जागीं दुसरें वाचलें पाहिजे. जुन्या बखरींत एका सरदाराच्या नांवानें दुसऱ्याचा पराक्रम लिहिलेला असावा, आणि अस्सल पत्र सांपडेपर्यंत सर्वांनीं तो खरा मानावा, तशांतला हा प्रकार. छापील वर्णन जुळतें यावरून ओळख पटली असें समजणें पुरेसें नाहीं, हा यांतील पहिला धडा होय.

(४)

मग मेरिकच्या वर्णनावर तरी कितपत विसंबावें? या ठिकाणीं त्याच्या कार्यपद्धतीचा विचार करणें प्राप्त आहे.

मेरिकची नजर असाधारण होती व स्मरणशक्ति तशीच. पंखांतील शिरा, खवल्यांचे रंग, मिशांची व ओठांची ठेवण यांवरून तो जाति निवडी. त्याची भाषा आंखीव, एकाच साच्याची व अत्यंत आटोपशीर असे. ठिपके कोठें, पट्टा किती तिरपा, कडेचा रंग कोणता, इतकें सांगितलें कीं वर्णन संपलें. चित्रें तो क्वचितच देई. त्याच्या हयातींतच या शास्त्रांत एक नवें साधन आलें. नरमादींच्या जननेंद्रियांचे कठीण भाग जातिपरत्वें अगदीं निश्चित आकाराचे असतात. पंख झिजले, रंग उडाले, तरी हे भाग बदलत नाहींत. पोटाचा शेवट दाहक क्षारांत उकळून, स्वच्छ करून, कांचेवर बसवून सूक्ष्मदर्शकांत पाहिला कीं बाहेरून सारख्या दिसणाऱ्या जाति वेगळ्या पडतात. पियर्स व मेटकाफ यांनीं १९२२ मध्यें प्रस्तुत पतंगाच्याच कुळावर या पद्धतीचा ग्रंथ काढला. मेरिकनें मात्र हें साधन अखेरपर्यंत स्वीकारलें नाहीं.

परिणामीं त्याच्या मृत्यूनंतर अशी अवस्था झाली कीं चौदा हजार नांवें छापलेलीं आहेत, पण केवळ छापील मजकुरावरून त्यांतील पुष्कळ जाति ओळखतां येत नाहींत. शिवाय नवी जाति वर्णितांना पुढें आलेल्या अनेक नमुन्यांपैकीं 'हाच मूळ नमुना' असें एकास नेमून ठेवण्याची आजची शिस्त त्यानें पाळली नव्हती. पाच नमुन्यांवरून वर्णन केलें आणि त्या पांचांत दोन जाति मिसळल्या असल्या, तर नांव कोणाचें?

हा गुंता सोडविण्याचें काम जे. एफ. गेट्स क्लार्क या अमेरिकन संशोधकानें केलें. लंडनच्या म्युझियमांतील मेरिकचे नमुने एकेक काढून, त्यांच्या चिठ्ठ्या वाचून, एकेका जातीसाठीं एक नमुना निश्चित करून, त्याचें छायाचित्र व जननेंद्रियांचें चित्र त्यानें प्रसिद्ध केलें. या सूचीचे आठ खंड १९५५ पासून १९७० पर्यंत निघाले. आफ्रिकेंत ए. जे. टी. जान्से यानें 'मॉथ्स ऑफ साउथ आफ्रिका' या ग्रंथाचे सात खंड १९३२ ते १९६४ या अवधींत काढून त्या बाजूनें हेंच कार्य पुढें नेलें.

क्लार्कला हें करतां आलें याचें कारण एकच. मेरिकनें नमुने टाकून दिले नव्हते. टांचणीखालीं स्थळ, दिनांक व संग्राहक यांची चिठ्ठी शाबूत होती. मेरिकला जें दिसलें नाहीं, किंवा जें पाहण्याचें त्यानें नाकारलें, तें त्यानेंच जपून ठेविलेल्या किड्याच्या अंगांत पुढच्यांसाठीं उपलब्ध राहिलें. म्हणूनच या शास्त्राचा नियम असा आहे कीं वर्णन व मूळ नमुना यांत विरोध आला तर नांव नमुन्याबरोबर जातें. वर्णन ही एका मनुष्यानें एका वेळीं काढलेली नक्कल. अस्सल तो किडा. राजवाड्यांनीं १८९८ सालीं साधनांचा पहिला खंड काढून बखरींपेक्षां मूळ पत्रांस जो मान दिला, त्यामागील न्याय हाच होता.

(५)

आतां याच पतंगाच्या दुसऱ्या नांवाची हकीकत. ती अधिक मनोरंजक आहे.

इ. स. १९१५ मध्यें, महायुद्ध चालू असतां, फ्रीडरिख त्साखर या जर्मन संशोधकानें आफ्रिकेंतील कापसाच्या किडींवर एक प्रबंध छापला. बोंडें पोखरणाऱ्या एका पतंगाच्या नराचे मागील पाय पाहून तो चकित झाला असावा. त्या पायांच्या नळीवर खवल्यांचा दाट झुबका असतो व त्यामुळें ती नळी फुगीर दिसते. त्यानें या प्राण्यासाठीं नवी प्रजाति स्थापिली व तिचें नांव 'थाउमाटोटिबिया', म्हणजे 'आश्चर्यकारक नळीची', असें ठेविलें. जातीचें नांव 'रोएरिगी'.

पुढें तपास होतां निष्पन्न झालें कीं कापसांतील रोएरिगी व संत्र्यांतील ल्यूकोट्रीटा हे दोन प्राणी नसून एकच आहे. येथें मितीचा नियम लागू होतो. १८४२ मध्यें इंग्लंडांत स्ट्रिकलंड याच्या पुढाकारानें नामकरणाचे जे नियम लिहिले गेले, त्यांत अगोदर प्रसिद्ध झालेलें नांव ग्राह्य हें तत्त्व मुख्य होतें. प्राण्यांच्या नांवांपुरती या कालगणनेची सुरुवात लिनिअसच्या ग्रंथाची दहावी आवृत्ति, म्हणजे १७५८, येथून धरितात. ल्यूकोट्रीटा १९१३ चें, रोएरिगी १९१५ चें. सबब जातीचें नांव म्हणून पहिलें टिकलें व दुसरें त्याचा पर्याय ठरलें.

परंतु प्रजातीच्या नांवाचा निकाल निराळा लागला. मेरिकची 'आर्गिरोप्लोसी' ही प्रजाति म्हणजे नाना प्रकारचे पतंग ठेवण्याचें एक मोठें गांठोडें झालें होतें. १९५८ मध्यें क्लार्कनें ल्यूकोट्रीटा तेथून काढून 'क्रिप्टोफ्लेबिया' या प्रजातींत घातली. ही प्रजाति लॉर्ड वॉल्सिंगहॅमनें १८९९ मध्यें कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमच्या 'नोट्स' मध्यें स्थापिलेली. म्हणजे आफ्रिकेचा हा पतंग एकेचाळीस वर्षें कलकत्त्यास छापलेल्या आडनांवानें वावरला. शेवटीं १९९९ मध्यें फुरुमी कोमाई या जपानी संशोधकानें या गटाची पुन्हां छाननी करून त्साखरची विसरलेली प्रजाति वर काढली व ल्यूकोट्रीटा तींत नेली. तेव्हांपासून पूर्ण नांव 'थाउमाटोटिबिया ल्यूकोट्रीटा (मेरिक)' असें लिहितात. आडनांव त्साखरचें, व्यक्तिनाम मेरिकचें. युद्धकाळीं छापलेला आणि चौऱ्यायशीं वर्षें बाजूस पडलेला कागद निर्णायक ठरला. तो कोणीं रद्दी म्हणून काढून टाकला असता तर हा निकाल लागता ना.

या नांवांतील कंस निरर्थक नाहींत. वर्णनकाराचें नांव कंसांत घातलें असेल तर समजावें कीं त्यानें ही जाति ज्या प्रजातींत ठेविली होती तेथून ती पुढें हलविली गेली आहे. कंस नसेल तर ती मूळच्या घरींच आहे. एवढ्याशा खुणेनें वाचणारास दफ्तर उलगडण्याची सूचना मिळते.

जुनीं नांवें तरीही पूर्णपणें मरत नाहींत. या अळीस मारणारा एक विषाणु आहे व बागाइतदार तो फवारणीसाठीं वापरतात. त्याच्या रूढ नांवांत 'क्रिप्टोफ्लेबिया' अद्याप तसेंच आहे. बक्षीसपत्रांत मोडलेल्या परगण्याचें नांव राहून जावें, तसें.

(६)

आज एखाद्यास लहान आफ्रिकी पतंगाची नवी जाति जाहीर करावयाची असल्यास त्यास काय करावें लागतें, तें थोडक्यांत सांगतों.

पहिलें काम संग्रहाचें. रात्रीं पांढऱ्या पडद्यापुढें दिवा लावून पतंग धरितात, किंवा अळी फळासकट आणून पिंजऱ्यांत वाढवितात. दुसरी रीत श्रमाची असली तरी श्रेष्ठ, कारण तींत प्राण्याचें अन्नही कळतें. किडा केंसासारख्या बारीक टांचणीवर टोंचून पंख पसरून वाळवितात व त्याच वेळीं चिठ्ठी लावितात. नंतरचें काम तुलनेचें. त्या गटांतील आजवर वर्णिलेली प्रत्येक जाति विचारांत घ्यावी लागते. जुने लेख जर्मन, फ्रेंच, लॅटिन, जपानी अशा भाषांत विखुरलेले असतात, आणि शंका उरल्यास प्रिटोरिया, लंडन, स्टॉकहोम, बर्लिन येथील मूळ नमुन्यांपर्यंत जावें लागतें. मग जननेंद्रियांची तपासणी, चित्रें, व हल्लीं पेशींतील जनुकद्रव्याच्या एका ठराविक तुकड्याचें वाचन. हें सर्व झाल्यावर नांव. १ जानेवारी २००० पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणें नव्या जातीचा मूळ नमुना स्पष्टपणें नेमिला पाहिजे व तो कोणत्या संग्रहांत ठेविला आहे हें लिहिलें पाहिजे. नाहीं तर तें नांव ग्राह्यच धरलें जात नाहीं.

वाचकांनीं पाहिलें असेल कीं या सर्व उपक्रमांत नवा प्राणी दृष्टीस पडणें हा सर्वांत सोपा भाग आहे. ट्रान्सवालांतील बागाइतदारानें तो मेरिकच्या आधींच पाहिला होता. त्यास जें करतां आलें नाहीं तें हें कीं, 'मीं पाहिलेला तो हाच' असें म्हणून दुसऱ्याच्या हातांत पुरावा ठेवणें व तो शंभर वर्षें टिकविणें.

(७)

हें सर्व पांडित्य व्यवहारांत कोठें उपयोगीं पडतें, तें २०१८ नंतरच्या घटनांवरून दिसतें. १ जानेवारी २०१८ पासून युरोपीय संघानें आपल्या नियमांत या जातीचें नांव घालून संत्रीं, डाळिंबें, पीच व मिरचीवर्गीय फळें यांच्या आयातीस अटी लाविल्या. २०२२ मध्यें संत्र्यांसंबंधींच्या अटी आणखी कडक करून फळें ठराविक काळ अतिशीत तापमानांत ठेवण्याची सक्ति केली. दक्षिण आफ्रिकेची तक्रार त्यावर होती.

बंदरांत फळ कापणाऱ्या अधिकाऱ्यापुढें जें येतें तें पंखावरील पांढरा ठिपका नव्हे, तर गरांतील लहानशी अळी. तिच्यावर ठिपका नाहीं, पायाचा झुबका नाहीं. आणि आफ्रिकी फळांत अशाच दिसणाऱ्या अळ्या एकाहून अधिक जातींच्या असूं शकतात: हॉवर्डला चकविणारी बॅट्राकोपा ही एक, लिचीस लागणारी व मेरिकनेंच १९२१ मध्यें वर्णिलेली पेल्टॅस्टिका ही दुसरी. अळीच्या शेपटाकडील कंगव्यासारखा भाग व अंगावरील केंसांची मांडणी पाहून, अथवा जनुकद्रव्य वाचून निर्णय करितात. पण जनुकद्रव्याचें अक्षर वाचलें तरी तें ज्याच्याशीं ताडून पाहावयाचें तो नमुना अगोदर खात्रीनें ओळखलेला हवा. तुलनेसाठीं ठेविलेल्या नमुन्याची चिठ्ठीच चुकली असेल तर नवें यंत्र जुनी चूक अधिक वेगानें पसरवितें. अशा रीतीनें या वादाचा धागा मागें जात जात टांचणीवरच्या वाळक्या किड्यापाशीं येऊन थांबतो. त्याच्या चिठ्ठीवर कोणाच्या शेताची मिळकत व कोणत्या जहाजाचा माल अवलंबून राहील, हें ती लिहिणाऱ्यास ठाऊक असण्याचें कारण नव्हतें.

(८)

आपणां हस्तलिखितांच्या संग्राहकांस या हकीकतींतून जें घेण्यासारखें वाटतें तें शेवटीं नमूद करितों.

एक. वाचन कितीही निष्णात असो, तें अस्सलाची जागा घेऊं शकत नाहीं. मेरिकइतका डोळस वाचक विरळा. तरीही त्याच्या मागून आलेल्यांस त्याचें वाचन पुरलें नाहीं, त्याचा संग्रह पुरला. ज्या कागदाची नक्कल छापून झाली तो कागद आतां निरुपयोगी, असें मानून तो हयगयीनें ठेवणारे संग्रह आजही आढळतात. छापणाऱ्यास ज्या खुणेचें महत्त्व कळलें नाहीं ती खूण, म्हणजे शिक्का, मोर्तब, कागदाची जात, पाठीवरचा शेरा, पुढच्या पिढीस हवी असते.

दोन. चिठ्ठीविना नमुना मुका आहे. स्थळ, दिवस व देणाराचें नांव यांवांचून असलेला सुंदर पतंग शास्त्राच्या दृष्टीनें जवळजवळ कुचकामाचा ठरतो, आणि पंख तुटलेला, बुरशी लागलेला परंतु चिठ्ठी शाबूत असलेला किडा शंभर वर्षांच्या वादाचा निकाल लावतो. रुमालांतून निवडक पत्रें काढून तीं सुरेख जिल्दींत बांधितांना तीं कोणत्या घराण्याच्या, कोणत्या रुमालांतील, व कोणत्या कागदाशेजारचीं, हें जर लिहून ठेविलें नाहीं, तर आपण कागद वांचवून त्याची साक्ष गमावतों.

तीन. चुकीची ओळख लपवूं नये. हॉवर्डनें आपलें मत छापलें म्हणून तें दुरुस्त होऊं शकलें. ज्या संग्राहकानें आपली पोथी कोणास दाखविलीच नाहीं, त्याची चूक त्याच्याबरोबर जाते व कदाचित् त्याची पोथीही.

प्रिटोरिया व लंडन येथील पेटाऱ्यांत असे हजारों किडे टांचणीवर आहेत, व त्यांतील कित्येकांस अद्याप नांव मिळालेलें नाहीं. आपल्याकडील घरोघरच्या माळ्यांवर जे रुमाल न सोडतां पडले आहेत त्यांची गोष्ट याहून निराळी नाहीं. ज्यांच्यापाशीं असे रुमाल असतील त्यांनीं ते सोडण्यापूर्वीं, आहे त्या स्थितींत ते कोठें व कसे सांपडले याची एक चिठ्ठी प्रत्येकास लावावी, एवढीच विनंति आहे.